पडद्यावरील बंबवाले व त्यांचे कैवारी

एकादें काल्पनिक पात्र मेलें आणि त्याच्यासाठीं हाडामांसाचीं माणसें रडलीं, कीं सुशिक्षित समाजांत दोन पक्ष ताबडतोब उभे राहतात. एक पक्ष हंसतो. त्याच्या मतें हा सारा रिकामटेकड्यांचा उद्योग; ज्यांस घरच्या माणसांसाठीं डोळे ओले करण्याची सवड नाहीं, त्यांनीं दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील सांवलीसाठीं उशी भिजवावी, ही त्याच्या लेखीं बुद्धिभ्रंशाची खूण होय. दुसरा पक्ष रडतो, पण रडून थांबत नाहीं. तो हिशेब मागतो: आमचें माणूस आम्हांस परत द्या, आम्हीं ज्यांचें लग्न मनांत ठरविलें आहे त्यांचें लग्न लावा, आणि अमुक नटाला उद्यांपासून आमच्या डोळ्यांपुढें आणूं नका. या दोन्ही पक्षांशीं आमचें भांडण आहे, व तें दोघांसही एकाच लेखांत ऐकविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त अमेरिकेंतील ‘नाइन-वन-वन’ या मालिकेचें. संकटांत सांपडलेल्या माणसानें त्या देशांत दूरध्वनीवर जो आंकडा फिरवावयाचा, तेंच या मालिकेचें नांव. त्या आंकड्यावरील पहिली हांक १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं अलाबामा संस्थानांतील हेलीव्हिल नांवाच्या लहानशा गांवीं देण्यांत आली. मालिका सुरू झाली २०१८ च्या जानेवारींत, फॉक्स वाहिनीवर. सहा पर्वांनंतर फॉक्सनें तिला निरोप दिला, आणि २०२४ पासून ती एबीसी वाहिनीवर दिसूं लागली. लॉस अँजेलिस शहरांतील ११८ क्रमांकाच्या बंबखान्यांतील मंडळी हीं तिच्यांतील मुख्य पात्रें. बंबखान्याचा नायक बॉबी नॅश. त्याची पत्नी अथीना ग्रँट ही पोलीस खात्यांत. आणि त्याच्या हाताखालीं हेन विल्सन, चिमनी, बक, एडी असे सोबती. आगी विझविणें, भूकंपांत व पुरांत माणसें काढणें आणि मधल्या वेळांत एकमेकांचे संसार सांवरणें, हा त्यांचा नित्यक्रम. या मंडळींचे स्वभाव, त्यांचीं प्रेमप्रकरणें आणि त्यांचीं सोंगें आणणाऱ्या नटांच्या भानगडी, यांवर तिच्या चाहत्यांत जी अखंड वादावादी चालते, तिच्याविषयीं आम्हांस कांहीं सांगावयाचें आहे.

प्रथम हंसणाऱ्या पक्षाकडे वळूं. पात्र जणूं जिवंत माणूस आहे असें समजून त्याच्या वर्तनाची चिकित्सा करणें हा मूर्खपणा असेल, तर त्या मूर्खपणाची परंपरा फार थोर आहे. १९०४ सालीं ब्रॅडलेनें शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत हॅम्लेट, ऑथेल्लो, मॅक्बेथ यांच्या मनाचे कोपरे न् कोपरे त्यानें असे धुंडाळले आहेत, कीं हे गृहस्थ त्याच्या शेजारीं राहात असावेत असें वाटावें. पुढें १९३३ सालीं एल. सी. नाइट्स यानें ‘लेडी मॅक्बेथला मुलें किती?’ अशा खोंचक नांवाचा निबंध लिहून या पद्धतीची यथेच्छ थट्टा केली. नाटक हें शब्दांचें काव्य आहे, माणसांची शिरगणती नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. थट्टा चांगली होती आणि थोडी आवश्यकही होती. तथापि नाइट्सची थट्टा वाचून ब्रॅडलेचा ग्रंथ कोणी रद्दींत घातला नाहीं. विद्यार्थी अजून तो वाचतात, कारण कथेंतील माणसाबद्दल ‘यानें असें कां केलें?’ हा प्रश्न विचारल्यावांचून कोणताही वाचक कथेच्या आंत शिरूं शकत नाहीं. चार घरांतील स्त्रिया एकत्र बसून बॉबी नॅशनें आपलें दुःख पत्नीपासून लपविलें हें योग्य केलें कीं अयोग्य, याचा खल करितात, तेव्हां त्या ब्रॅडलेचेंच काम करीत असतात. त्यांच्यापाशीं पदवीचा झगा नाहीं, एवढ्यावरून त्यांस हंसण्याचा अधिकार आम्हां अध्यापकांस कोणीं दिला?

हें चर्वितचर्वण पोकळ असतें असेंही नाहीं. बक आणि एडी या दोघांचें उदाहरण घ्या. एडी हा लष्करांतून आलेला, पत्नी गमावलेला, मेंदूच्या विकारामुळें चालण्यास कष्ट पडणाऱ्या एका मुलाचा बाप. बक हा आईबापांच्या मायेला पारखा झालेला उतावळा तरुण. समुद्राची प्रचंड लाट शहरावर येते त्या प्रसंगीं एडीचा मुलगा बकजवळ असतो, आणि त्याला वांचविण्यासाठीं बक जिवाचें रान करितो. पुढें एडीला गोळी लागते, व त्यांतून बरा झाल्यावर तो बकला सांगतो कीं, मी मेलों तर माझ्या मुलाचा पालक तूं, अशी तजवीज मीं मृत्युपत्रांत करून ठेविली आहे. हे प्रसंग पाहून पुष्कळ चाहत्यांनीं निष्कर्ष काढिला कीं, या दोघांमधील नातें मैत्रीच्या पलीकडचें आहे. आमच्या कांहीं स्नेह्यांस हा निष्कर्ष चावट वाटतो. आम्हांस तो वाचनाचा एक सरळ प्रकार वाटतो. अमेरिकन चित्रपटांवर १९३४ पासून १९६८ पर्यंत ज्या नीतिनियमांचा अंमल होता, त्यांत पुरुषाचें पुरुषावरील किंवा स्त्रीचें स्त्रीवरील प्रेम उघड दाखविण्याची सोयच नव्हती. अशा काळांत ज्यांचें आयुष्य पडद्यावर कधीं आलेंच नाहीं, त्या प्रेक्षकांस दोन वाक्यांमधली जागा वाचण्याची संवय लागली. जो समाज सरळ बोलूं देत नाहीं, त्यानें लोक आडून ऐकतात म्हणून तक्रार करूं नये. शिवाय एप्रिल २०२४ मध्यें, मालिकेच्या शंभराव्या भागांत, बकचें मन स्त्रियांप्रमाणें पुरुषावरही जडूं शकतें हें लेखकांनींच दाखविलें. म्हणजे निदान एका बाबतींत चाहत्यांची नजर लेखकांच्याही आधीं पोंचली होती.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. कारण येथून पुढें आमची व चाहत्यांची वाट निराळी होते. बकचें प्रेम जडलें तें टॉमी किनार्ड नांवाच्या वैमानिकावर, एडीवर नव्हे. लगेच दोन तट पडले. एकाला बकशेजारीं एडी हवा, दुसऱ्याला टॉमी. येथवरही कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. वाद हा रसिकतेचा प्राणवायु आहे. परंतु वादाची भाषा पाहतां पाहतां बदलली. ‘मला या प्रसंगांत असें दिसतें’ हें वाक्य मागें पडून ‘आम्हांला असें देणें लागतां’ हें वाक्य पुढें आलें. वाचन हा वाचकाचा हक्क खरा. पण तो हक्क म्हणजे लेखकाच्या नांवावर काढलेली हुंडी नव्हे. तुम्हीं कथेंतून एक अर्थ काढिला, पुरावे जमविले, युक्तिवाद रचला, आणि लेखकानें कथा भलतीकडेच नेली. तर ‘ही कथा फसली’ असें म्हणण्यास तुम्ही पूर्ण मोकळे आहां. ‘ही कथा चोरीची आहे, माझा माल मला द्या’ असें म्हणण्यास मोकळे नाहीं. पहिल्या वाक्यांत टीकाकार बोलतो, दुसऱ्यांत सावकार.

सावकाराच्या मागोमाग न्यायाधीशही येतो. लेखकाकडून वसुली होत नाहीं असें दिसतांच कित्येकांचा राग नटांवर वळतो. ज्यानें टॉमीचें सोंग घेतलें त्यानें त्या तटाचें काय बिघडविलें आहे? त्यानें दुसऱ्यानें लिहिलेलीं वाक्यें म्हटलीं, दुसऱ्यानें सांगितलें तेथें उभा राहिला आणि आपलें वेतन घेऊन घरीं गेला. त्याच्या मुखांतील प्रत्येक शब्दाचा जाब त्याला विचारणें, त्याच्या खासगी आयुष्यांत डोकावणें, हें त्या कथेवरील प्रेमाचें लक्षण खचित नव्हे. नट आणि पात्र यांची गल्लत आपणांस नवी नाहीं. बालगंधर्वांच्या लुगड्याची नेसण आणि केसांची ठेवण पाहून प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया तिचें अनुकरण करीत, हें सर्वश्रुत आहे. परंतु अनुकरण ही एक गोष्ट आणि खटला ही दुसरी.

नटानें उघडपणें कांहीं निंद्य केलें वा बोललें, तर प्रेक्षकानें गप्प बसावें काय, असा प्रश्न येथें कोणी करील. गप्प बसूं नये. नागरिक या नात्यानें त्यानें अवश्य बोलावें, जेवढें त्याच्यासमोर आलें आहे तेवढ्याचाच विचार करून बोलावें, व त्याचें ओझें पात्राच्या मानेवर ठेवूं नये. रॉकमंड डनबार या नटाचें प्रकरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. अथीनाचा पहिला पति मायकेल याचें काम तो करीत असे. २०२१ सालीं करोना सांथीच्या लशीची सक्ती झाली. त्यानें सूट मागितली, ती मिळाली नाहीं, व त्यास मालिका सोडावी लागली. पुढें प्रकरण न्यायालयांत गेलें. लशीची सक्ती योग्य कीं अयोग्य, कामगाराच्या श्रद्धेला धन्यानें कोठवर मान द्यावा, हे महत्त्वाचे प्रश्न आहेत आणि त्यांची जागा वर्तमानपत्रांत, विधिमंडळांत व न्यायालयांत आहे. परंतु झालें काय? कोणी त्या नटाला हुतात्मा केलें, कोणी खलपुरुष. आणि या गदारोळांत मायकेल हा बिचारा कोणाच्याच लक्षांत राहिला नाहीं. उतारवयाकडे झुकतांना ज्यानें पत्नीला व मुलांना स्वतःविषयींचें सत्य सांगितलें, घर मोडूनही बापपण मोडूं दिलें नाहीं, आणि पत्नीच्या दुसऱ्या पतीशीं निर्मळ स्नेह जोडला, असें तें विरळ पात्र. त्याला मित्राबरोबर हैतीला रवाना करून लेखक मोकळे झाले. ज्या चाहत्यांनीं या घाईबद्दल लेखकांस धारेवर धरावयाचें, ते नटाच्या पक्षविपक्षांत गुंतले. नटांच्या भानगडींत कथा अशी उपाशी मरते.

या सर्व प्रकारांत मालिकावाल्यांचे हात स्वच्छ आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. चाहत्यांचें भांडण म्हणजे त्यांची फुकटची जाहिरात. दोन्ही तटांस थोडी थोडी आशा दाखवावी, मुलाखतींत सूचक हंसावें, ‘पुढें काय होईल तें पाहा’ म्हणून चूल धगधगती ठेवावी, हा या धंद्यांतील जुना डाव आहे. ज्यानें वर्षानुवर्षें गिऱ्हाईक म्हणून वागविलें, त्यानें एके दिवशीं ‘रसिक व्हा’ असा उपदेश केला तर तो कोण ऐकणार? तरीही आम्ही चाहत्यांस म्हणूं कीं, दुकानदारानें तुम्हांस गिऱ्हाईक म्हटलें म्हणून तुम्हीं गिऱ्हाईक झालेंच पाहिजे असें नाहीं.

या प्रकरणाची खरी कसोटी लागली ती १७ एप्रिल २०२५ रोजीं. त्या दिवशीं दाखविलेल्या भागांत बॉबी नॅश मरण पावला. एका प्रयोगशाळेंत जीवघेण्या रोगाचे जंतु मोकळे सुटतात. चिमनीला बाधा होते. औषध एकालाच पुरेल इतकें असतें. आपल्याही पोषाखाला भोंक पडून आपणही बाधित झालों आहों ही गोष्ट बॉबी लपवितो, चिमनीला औषध देववितो, इतरांस बाहेर धाडतो आणि कांचेपलीकडे उभ्या असलेल्या पत्नीचा निरोप घेतो. सव्वासात वर्षांच्या काळांत या बंबखान्यांतील एकही मुख्य पात्र मेलें नव्हतें. साहजिकच हलकल्लोळ झाला. हा निर्णय कथेच्या गरजेसाठीं आपणच घेतला, असें मालिकेचा सूत्रधार टिम मिनियर यानें सांगितलें. तरीही बॉबी मेलाच नाहीं अशा उपपत्ति निघाल्या, त्याला परत आणा म्हणून मागण्या झाल्या.

इंग्रजी नाटकाच्या इतिहासांत अशी मागणी एकदां पुरी करण्यांत आली होती. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकांतील कॉर्डेलियाचा मृत्यु प्रेक्षकांस सोसेना, म्हणून १६८१ सालीं नाहम टेट यानें त्या नाटकाचा शेवटच बदलला. कॉर्डेलिया जगली, लिअर जगला. इतकेंच नव्हे तर कॉर्डेलिया व एड्गर यांचें प्रेम जमवून त्यांचें लग्नही ठरविण्यांत आलें. म्हणजे आजचे चाहते ज्या दोन गोष्टी मागतात, मेलेलें माणूस आणि मनाजोगतें लग्न, त्या दोन्ही टेटनें एकाच ताटांत वाढल्या. दीडशें वर्षें रंगभूमीवर तेंच ताट फिरत होतें. १८३८ सालीं मॅक्रेडीनें मूळचा शेवट परत आणला. आज टेटचें नांव फक्त परीक्षेच्या टिपणांत उरलें आहे. आपल्याकडे ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि सिंधूसाठीं प्रेक्षकांच्या पिढ्या रडल्या. सिंधूला वांचवून सुधाकराला शेवटच्या अंकांत शहाणा केला असता तर प्रेक्षक समाधानानें घरीं गेले असते, आणि दारूही समाधानानें त्यांच्याबरोबर गेली असती.

होम्स परत आला तो कसा, असें आमचे प्रतिपक्षी विचारतील. कॉनन डॉइलनें १८९३ सालीं त्याला मारलें व १९०३ सालीं पुन्हा उभा केला, हें खरें. पण डॉइल होम्सला कंटाळला होता म्हणून होम्स मेला. त्याच्या स्वभावांतून तें मरण उगवलें नव्हतें, म्हणूनच तें इतकें सहज उपटतां आलें. बॉबीच्या मृत्यूलाही हीच कसोटी लावा. मिनेसोटांत असतांना दारू व गुंगीच्या गोळ्या यांच्या आहारीं जाऊन त्याच्या हातून आग लागली, व तींत १४८ माणसें मेलीं. त्यांत त्याची पत्नी आणि दोन मुलें होतीं. तितकेच जीव वांचवून ऋण फेडावयाचें म्हणून तो एका वहींत हिशेब ठेवी, आणि तो हिशेब पुरा झाल्यावर आपल्या जगण्याचेंही कारण उरणार नाहीं, अशी त्याची धारणा होती. पुढील वर्षांत अथीनेच्या संगतींत व बंबखान्यांतील मुलांसारख्या सोबत्यांत तो हळूहळू जगावयास शिकला. ज्याला एके काळीं मरण हवें होतें, त्याला तें मिळालें नाहीं. जगण्याची गोडी लागली तेव्हां मात्र दुसऱ्यासाठीं तें पत्करावें लागलें. यांत लेखकाची लहर आहे कीं स्वभावाचा न्याय आहे? आम्हांस न्याय दिसतो. प्रयोगशाळेचा प्रसंग ओढूनताणून आणला आहे, पुढें कित्येक पात्रांना शोक करण्यास पुरेसा अवकाश मिळाला नाहीं, असे आक्षेप कोणी घेतले तर ते आम्ही आदरानें ऐकूं. हे आक्षेप कथेच्या आंतले आहेत. ‘परत आणा’ हा आक्षेपच नव्हे.

आणि ही कथा कोणाची आहे याचा तरी विसर पडूं देऊं नये. बंबवाल्याच्या धंद्यांत मरण हें पाहुणें नाहीं. धूर आणि जळत्या पदार्थांचें विष अंगांत भिनत असल्यामुळें बंबवाल्याचें कामच कर्करोगाला कारण होतें, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०२२ सालीं दिला. ज्या लॉस अँजेलिसचें चित्र ही मालिका काढते, त्याच परिसरांत जानेवारी २०२५ मध्यें खरे वणवे पेटले; सोळा हजारांहून अधिक इमारती भस्म झाल्या व तीसएक माणसें दगावलीं. बॉबीचा मृत्यु पडद्यावर आला तो यानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं. मुंबईकरांस तर याचें स्मरण वेगळें करून देणें नको: १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यांत ६६ बंबवाले कामीं आले, आणि त्यांच्यासाठीं तो दिवस आजही देशभर पाळला जातो. अशा माणसांची कथा सांगावयाची आणि तींतील कोणीही मरतां कामा नये असा हट्ट धरावयाचा, म्हणजे चटका न देणारी आग मागण्यासारखें आहे. बॉबीचें काम करणारा पीटर क्राउझ यानें त्या वेळीं चाहत्यांस उद्देशून लिहिलें, त्याचा भावार्थ हाच होता: तुमचें दुःख खरें आहे, परंतु दुसऱ्यासाठीं जीव धोक्यांत घालणाऱ्यांच्या सन्मानासाठींच ही कथा सांगितली आहे. एका नटानें पात्र आणि नट यांमधली रेषा इतक्या सभ्यपणें आंखून दाखवावी, आणि प्रेक्षकांनीं ती पुसण्यासाठीं धांवावें, हें शोभत नाहीं.

तात्पर्य, हंसणाऱ्यांस आमचें सांगणें असें कीं, घरांतील मुलगी एकाद्या पात्रासाठीं रडत असेल तर तिला ‘तें खोटें आहे’ म्हणून सांगूं नका. तिला तें तुमच्याआधीं ठाऊक आहे. तिला विचारा, त्यानें असें कां केलें असावें? घरांतल्या घरांत वाङ्मयचर्चा सुरू करण्यास याहून चांगली संधि मिळावयाची नाहीं. आणि कैवाऱ्यांस आमचें सांगणें असें कीं, पात्रांविषयीं हवें तितकें भांडा, रात्र जागवा, लेखकाची चूक पुराव्यानिशीं त्याच्या पदरांत घाला. पण पडद्याची चौकट ओलांडून नटाच्या दारांत जाऊं नका, आणि मेलेल्याला मेलेला राहूं द्या. बॉबी नॅशवर तुमचें प्रेम असेल, तर त्यानें कोणासाठीं प्राण दिला तें आठवा. तो परत येणें म्हणजे त्यानें दिलेलें परत घेणें होय, आणि तशा माणसावर तुमचें प्रेम बसलेंच नसतें.